एकेचाळिसावं मिनिट

एकेचाळिसाव्या मिनिटाला भामा आत्या तमिळ सोडून मराठीत बोलू लागली होती, हे विनुताला आज सकाळी कळलं. आता त्यात कळायचं काय होतं? मुलाखत तिनेच घेतलेली, प्रश्न तिचेच, समोर बसलेली बाई वडिलांची सख्खी बहीण. तीन आठवड्यांपूर्वी तिरुवैयारूच्या घरात बसून हे सगळं तिने ऐकलंच होतं. पण तेव्हा तिचं लक्ष मोबाइलच्या बॅटरीकडे होतं, पुढच्या प्रश्नाकडे होतं, आणि आपण कसे शहाण्यासारखे प्रश्न विचारतोय याकडे तर फारच होतं. आज इडलीची ताटली बाजूला सारून, कानांत इअरफोन घालून ती नुसती मिनिटं आणि सेकंदं टिपायला बसली होती. पंख्याची घरघर, लांबून एका मोपेडचा आवाज, आत्याचं संथ, नीटनेटकं, पाहुण्यांसमोर बोलतात तसं तमिळ. मग आत्याने एक मोठा श्वास घेतला, हातातल्या बांगड्या मागे सारताना वाजल्या, आणि आवाज खाली आला. विनुताने थांबवून मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. शंकाच नव्हती. एकेचाळिसाव्या मिनिटापासून पुढची चार मिनिटं मराठीत होती.

जर्नालिझमच्या एम.ए.चं हे शेवटचं सत्र. प्रत्येकाने एक दीर्घ वृत्तांत इंग्रजीत लिहायचा, आणि त्यातून एक निवडून शेषाद्री सर तो चेन्नईच्या एका वर्तमानपत्राकडे पाठवणार. ज्याचा जाईल त्याला तिथे सहा महिन्यांची उमेदवारी. जागा एक, मुलं चौदा. सरांनी वीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर काढलेली. छापलेलं प्रत्येक वाक्य कोण, कधी, कुठे बोललं हे घड्याळ लावून दाखवता आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक. विनुताचा विषय तिरुवैयारूतल्या घरोघरच्या संगीतशिक्षिका. दर वर्षी आराधनेच्या संगीतोत्सवाला सगळा गाव गात असतो, मोठमोठे गवई येऊन जातात, पण त्यांतल्या कितीतरी गळ्यांना पहिला स्वर लावून देणाऱ्या बायका कुठेच दिसत नाहीत, असं तिने लिहिलं होतं. काल रात्री मजकूर पाठवला, आणि आज साडेआठला सरांचा शेरा आला. एका वाक्याखाली लाल रेघ आणि बाजूला लिहिलेलं: हे वाक्य म्हणजे तुझी बातमी आहे, ते पहिल्या परिच्छेदात आण, वेळ टाक, पाच वाजेपर्यंत दे. खाली आणखी एक ओळ होती: चेन्नईला हाच जाईल. विनुता त्या ओळीवर इतकी खूश झाली की तिने ती आईला दोनदा वाचून दाखवली होती.

ते वाक्य आत्याचं होतं. आत्याने चाळिशीनंतर कच्चेऱ्या, म्हणजे गाण्याच्या जाहीर बैठका, सोडल्या. का सोडल्या, असं विनुताने विचारल्यावर आत्या तमिळमध्ये म्हणाली होती की शिकवणं हीच सेवा, मंचावर बसायची हौस आपणहून फिटली. सगळ्याच शिक्षिका हेच सांगतात. मग पन्नासेक सेकंद गेल्यावर ती म्हणाली होती, "मी आपणहून सोडलें नाहीं, विनू. डावा कान गेला. मग उजव्यांतलें वरचें गेलें. वरचा षड्ज मला वीस वर्षें झालीं ऐकूं येत नाहीं. पोरींच्या गळ्याकडे बघून शिकवितें." तिचे यजमान गुरुमूर्ती होते तोवर ते सांगायचे. शिकवणी चालू असताना खुर्चीत पेपर घेऊन बसायचे, आणि कुणाचा स्वर उतरला की पेपरातून मान वर न काढता मराठीत तसं म्हणायचे. शिष्यिणी सगळ्या तमिळ, त्यांना वाटायचं 'सार', म्हणजे टीचरचे यजमान, कॉफी मागताहेत. चार वर्षांपूर्वी ते गेले. हे सगळं विनुताने लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. पेपरातून मान वर न काढणं तर तिला स्वतःलाच फार आवडलं होतं.

तिने लिहिलं होतं इंग्रजीत. आता विचार करताना तिला वाटलं, घोटाळा तिथेच झाला असावा. तमिळचंही इंग्रजी झालं, मराठीचंही इंग्रजी झालं, आणि दोन्ही एका पातळीवर येऊन शेजारी शेजारी बसली. मुलाखतीचं लेखी रूप करून देणारं ॲप तिने वापरलं होतं. त्याने तमिळचा शब्द न् शब्द बरोबर उतरवला होता आणि मराठीच्या चार मिनिटांपुढे नुसतं 'अस्पष्ट, अस्पष्ट' असं लिहून ठेवलं होतं. तंजावरची मराठी कुठल्या यंत्राला येणार. ती पुण्याच्या माणसालाही धड येत नाही. तेव्हा विनुता हसली होती आणि तो भाग स्वतः ऐकून थेट इंग्रजीत उतरवला होता. यंत्राने त्या दरवाजापाशी थांबून आत जायला नकार दिला होता. ती मात्र घरचीच, तिला दरवाजा दिसलाच नाही.

कारण दरवाजा होता. तो कुणी शिकवत नाही, पण तंजावरातल्या प्रत्येक मराठी घरात तो असतो. रेशमी साड्यांच्या दुकानात आई विक्रेत्याशी गोड तमिळ बोलता बोलता मध्येच मराठीत म्हणायची, रंग जाईल हा, उठ. डॉक्टरांसमोर बाबा आजोबांविषयी जे बोलायचं ते तमिळमध्ये बोलत, आणि जे वाटायचं ते आईला मराठीत सांगत. जगासाठी तमिळ, नोकरीसाठी इंग्रजी, आणि जे चार भिंतींतच ठेवायचं त्यासाठी मराठी. लिहायची नव्हेच, देवनागरी घरात कुणाला वाचताही येत नाही. ती नुसती आपसात बोलायची. विनुता सात वर्षांची असताना शेजारच्या कमलाक्षी मामी गप्पा मारत बसल्या होत्या, तेव्हा आई हसतमुखाने मराठीत म्हणाली, ही उठणार कधी आणि मी चूल पेटवणार कधी. विनुताने ते मामींना तमिळमध्ये सांगून टाकलं, मोठ्या मदतीच्या भावनेने. मामी उठल्या. आई रागावली नाही, हात उगारला नाही. पण नंतर कितीतरी दिवस, काही मराठीत बोलायचं असलं की आई आधी तिला कोथिंबीर आणायला पिटाळायची. घरात इतकी कोथिंबीर कधीच लागली नव्हती. आपल्यामुळे घराला एक भोक पडलंय आणि ते बुजवायला आई कोथिंबीर लावतेय, हे तेव्हा तिला न सांगताच कळलं होतं. मग सोळा वर्षांनी पहिल्या सत्रात सरांनी 'नोंदीबाहेरचं बोलणं' हा धडा शिकवला. माणूस काही नाव न देता सांगतो, काही मुळीच छापू नका म्हणून सांगतो, तसं त्याने आधी म्हणावं लागतं आणि बातमीदाराने कबूल करावं लागतं. विनुताने तो धडा तोंडपाठ केला. परीक्षेत त्यावर दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

तसं आत्या काही म्हणाली नव्हती, हे खरं. हे छापू नको, असं एकेचाळिसाव्या मिनिटाला नाही, नंतरही नाही. सरांच्या धड्याप्रमाणे विनुता मोकळी होती. तिने ते स्वतःला दोन-तीनदा समजावलं आणि तिला बरंही वाटू लागलं. शिवाय ही काही चहाडी नव्हती. आयांनी मुली ज्या बाईकडे पाठवायच्या तिला ऐकू येत नाही, हे आयांना कळायला नको का? बातमी लपवणाऱ्याची नसते, ज्याला कळायला हवी त्याची असते, हे सरांचं लाडकं वाक्य. आणि आत्याचा त्यात अपमान कुठे आहे, उलट केवढी मोठी गोष्ट आहे ती. हे सगळं अगदी बरोबर होतं. तेवढ्यात तिने पुढचं मिनिट ऐकलं, आणि तिथे तिचा स्वतःचा आवाज होता. चाळीस मिनिटं ती आत्याला तमिळमध्ये 'नींगळ', म्हणजे 'तुम्ही', म्हणत होती, पाहुण्यांना म्हणतात तसं. आत्यानेही ते गंभीरपणे चालवून घेतलं होतं. आणि आता तीच विनुता हळूच विचारत होती, "मग आतां?" आत्या म्हणत होती, "आतां अंदाज." दोघीही मराठीत. म्हणजे आत्या एकटी आत गेली नव्हती. विनुता तिच्या पाठोपाठ गेली होती, पायांतल्या चपला काढून गेली होती, आणि बाहेर येताना तिथली वस्तू उचलून घेऊन आली होती.

तिरुवैयारूच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली तेव्हा पावणेबारा झाले होते. आईला तिने ग्रंथालयात जाते म्हणून सांगितलं. बस जुन्या पुलांवरून एकामागून एक नद्या ओलांडत होती, मध्ये भाताची ओली शेतं, नारळ, सायकलवरून डबा घेऊन चाललेला माणूस. तिला भीती वाटत होती, पण कशाची ते तिला नेमकं सांगता येईना. आत्या रडेल याची नव्हे. आत्या रडणाऱ्यांतली नव्हती. आत्या 'छाप' म्हणाली तर? आणि 'नको' म्हणाली तर चेन्नई गेली, हेही होतंच. वर्गातल्या चेतनचा वृत्तांत ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रावर, म्हणजे धर्मशाळेवर होता, ठाकठीक आणि कंटाळवाणा. सर मग तोच पाठवणार. विनुताने मनातल्या मनात चेन्नईतली एक खोली घेतली होती, तिला पडदेही लावले होते. न विचारताच पाच वाजू द्यावेत, असं तिला दोन थांब्यांपर्यंत वाटत राहिलं. आत्या इंग्रजी पेपर घेत नाही. पण तिच्या शिष्यिणींच्या घरी तो येतो, बँकेत, कॉलेजात येतो. पंधरा दिवसांत ओटीवरच्या चपला कमी होतील, मग एक दिवस नसतीलच. आत्या कुणाला का म्हणून विचारणार नाही. सकाळी आधारस्वर धरून ठेवणारी श्रुतिपेटी पुसेल आणि बसून राहील. यातलं काहीच विनुताला पाहावं लागणार नव्हतं, कारण ती तेव्हा चेन्नईत असणार होती. या विचाराची तिला मनापासून लाज वाटली.

शिकवणी चालू होती. आत्याने तिला पाहून डोळ्यांनीच बस म्हटलं. ती भिंतीशी टेकली. चार मुली आणि साईप्रिया. साईप्रिया ही आत्याची सगळ्यांत जुनी शिष्यीण, तालुका कचेरीत नोकरी करते, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेल; दुपारच्या सुट्टीत डबा खायचा सोडून लहान मुलींबरोबर येऊन बसते. आत्याचा डावा हात श्रुतिपेटीवर पालथा टेकलेला होता. इतकी वर्षं विनुताला ती बसायची ढब वाटायची. आज कळलं की तिचा तळवा ऐकतोय. एक मुलगी वर चढत गेली आणि वरच्या षड्जाशी जरा खालीच टेकली. विनुताचा कान काही फार तयार नव्हता, तरी तिला ते खुपलं. आत्या मुलीच्या गळ्याकडे टक लावून पाहत होती. "सेरी," ती म्हणाली, ठीक. पण मुलगी थांबली नव्हती. साईप्रिया तिच्या शेजारून बारीक आवाजात तोच स्वर धरून बसली होती, आणि मुलगी सरकत सरकत त्यावर जाऊन बसली. आत्याने मान हलवली. सगळं इतकं सुरळीत झालं की विनुताला रडू येईल असं वाटलं, आणि तिने उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरातले सण वाचून काढले.

मुली गेल्यावर तिने सांगितलं. मराठीतच सांगितलं, त्याशिवाय जमलंच नसतं. आत्याच्या उजव्या बाजूला सरकून, जरा मोठ्याने. काय लिहिलं, सर काय म्हणाले, चेन्नईचं काय ते, आणि पाच वाजता द्यायचं आहे हेसुद्धा. आत्याने मजकूर मागितला. मोबाइलवरची इंग्रजी अक्षरं ती चष्मा कपाळावर चढवून, ओठ हलवत वाचत राहिली. लाल रेघेपाशी तिचा अंगठा थांबला. मग तिने मोबाइल पदराने पुसून परत दिला, तेल लागलं असेल म्हणून.

"खरेंच लिहिलें आहेस," ती म्हणाली. "पण तमिळांत सांगितलें तें मी पेपरवालीला सांगितलें. मराठींत सांगितलें तें माझ्या भावाच्या, भरद्वाजाच्या लेकीला. दोघी एक कशा झाल्या?"

ते वाक्य काढून टाकते, असं विनुता म्हणाली. आत्याने मान हलवली, पण विनुताला तेवढ्यावर थांबता आलं नाही. बसमध्ये येताना जे नुसतं टोचत होतं ते आता तिच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

"मग तमिळांतलेंही मला घालायला येत नाहीं, आत्या. आपणहून सोडलें, सेवा म्हणून सोडलें, तें खरें नव्हे. मला ठाऊक आहे आतां."

हे आत्याला अपेक्षित नव्हतं. श्रुतिपेटी चालूच राहिली होती, ती तिने बंद केली, आणि खोलीत एकदम दुपार झाली. बाहेर कुणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत नेत होतं. विनुताला वाटलं आता ती चिडेल, म्हणेल, तेवढं तरी राहू दे मला. वीस वर्षं तेच सांगून सांगून तिचं तिलाही ते पटलं असेल. आणि चिडली असती तर विनुताने ते राहू दिलं असतं, खोटं छापलं असतं, आणि पहिल्याच कामात सगळं शिक्षण बुडवून मोकळी झाली असती. तिची त्याला तयारीही होती.

"काढ," आत्या म्हणाली. "दोन्हीं काढ. मला खोटी करून ठेवूं नको. कच्चेरी सोडली, शिकवितें, एवढें लिही. तेवढें खरें आहे ना?"

तेवढं खरं होतं. मग तुला चेन्नईला कोण बोलावील, असं आत्याने विचारलं, आणि विनुता बघूं म्हणाली. बघूं म्हणतेस म्हणजे आंतून रडतेस, असं म्हणून आत्या ताक आणायला आत गेली. ताकात मीठ जास्त झालं होतं. विनुताने ते सगळं प्यायलं.

चार वाजता ती थांब्यावर मोबाइल घेऊन बसली. वाक्यं काढायला दोन मिनिटं लागली. मग तिने पुन्हा वाचलं. वृत्तांत अजून बरा होता, नेटका होता, त्यात नावं होती, वर्षं होती, गावाचा वास होता. पण जिथे तो श्वास घेत होता तिथे आता नुसती एक सपाट ओळ होती: त्यांनी कच्चेऱ्या सोडल्या, त्या शिकवतात. तिला त्या ओळीचा राग आला, आत्याचा राग आला, सरांचा आला. मग थोडा वेळ कुणाचाच येईना. तिने पाठवून दिलं. आता चेन्नईची खोली पडद्यांसकट चेतनला द्यायला हरकत नव्हती.

साईप्रिया आज कचेरीतून लवकर सुटून त्याच बससाठी आली. शेजारी बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि जरा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने तमिळमध्ये विचारलं की टीचरवर लिहिताय ते पेपरात येणार का. बहुतेक नाही, विनुता म्हणाली. त्यात टीचरच्या कानाचं आहे का, असं साईप्रियाने विचारलं, एखादीने बसची वेळ विचारावी तितक्या सहज.

विनुताने तिच्याकडे पाहिलं. तुम्हाला माहीत आहे? सगळ्यांनाच, साईप्रिया म्हणाली. मोठ्या मुली लहानींना सांभाळून घेतात, आणि वरचे स्वर रविवारी घाटाच्या पायऱ्यांवर बसून पक्के करतात, आपले आपण. सार असताना गरज नव्हती. सार पेपर वाचता वाचता सांगत, ते पहिल्याच वर्षी कळायला लागलं होतं. विनुताला ते नीट समजेना. ते तर मराठीत बोलायचे, ती म्हणाली.

"बारा वर्षं त्या घरात बसते आहे," साईप्रिया म्हणाली. "तुमची भाषा मला सगळी कळते. आम्हां सगळ्यांनाच कळते."

मग हे कधी टीचरना बोलला का नाहीत, असं विनुताने विचारलं. साईप्रियाला हा प्रश्नच जरा विचित्र वाटलेला दिसला.

"त्या त्या भाषेत बोलल्या, म्हणजे ते आम्हाला सांगितलेलं नाही. मग आम्हाला माहीत आहे असं कसं म्हणणार?"

बस आली. गर्दी नव्हती, दोघींना शेजारी जागा मिळाली. पहिला पूल ओलांडताना सरांचा निरोप आला: ते वाक्य कुठे गेलं, ती नाही म्हणाली का, टेपवर तर असेल ना, अजून अर्धा तास आहे. विनुताने कारणं लिहायला घेतली, बरीच लिहिली, धड्यातले शब्दही त्यात आले. मग सगळं पुसलं. साईप्रिया खिडकीतून बाहेर पाहत होती, मुद्दाम. विनुताने लिहिलं, सर, ते मला सांगितलेलं नव्हतं, आणि पाठवून दिलं.